सर कुणीकडचे?

‘पाहून राहिलो,’ असं ते म्हणायचे, आणि मग खरोखरच पाहत राहायचे.

चष्मा काढायचा, रुमालाने काच पुसायला घ्यायची, आणि पुसता पुसता नजर खिडकीबाहेर जायची ती जायचीच. बाहेर कडुनिंब, त्यामागे कॉलेजचं मैदान, मैदानापलीकडे नागपूरच्या नंदनवन भागातल्या घरांच्या गच्च्या, त्यांवर पाण्याच्या काळ्या टाक्या आणि वाळत घातलेल्या साड्या. यातलं नेमकं काय ते पाहायचे, कोण जाणे. विचारणारा थोडा वेळ थांबायचा आणि निघून जायचा. प्रश्न बहुधा एकच असायचा. सर, तुम्ही कुणीकडचे?

कुणीकडचे म्हणजे गाव कोणतं, असं नव्हे. कोणत्या पक्षाचे, कोणत्या विचाराचे, डावे का उजवे, सध्या जे चाललंय ते तुम्हाला बरं वाटतं का वाईट. अलीकडे हा प्रश्न किती पटकन येतो ते तुम्हीही पाहता. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला माणूस भाजी वाढून व्हायच्या आत आपला अंदाज घेतो. आणि तोवर आपणही त्याचा घेतलेला असतो.

आमचे हे सर भूगोल शिकवायचे. मी त्याच कनिष्ठ महाविद्यालयात ग्रंथपाल. मोकळ्या तासाला ते स्टाफरूममध्ये न बसता ग्रंथालयात माझ्या टेबलासमोर येऊन बसत, कारण तिथली खिडकी मोठी होती. उन्हाळ्यात मी कुलरला वाळा लावून घ्यायचो. तो ओला मातकट वास, पंख्याची घरघर, निंबाच्या पानांतून टेबलावर सांडलेलं ऊन, आणि समोर चष्मा हातात धरून बसलेला हा माणूस. त्या दुपारी आठवल्या की त्या घडून गेल्या असं वाटत नाही. डुलकी लागली असताना पाहिल्यासारख्या वाटतात.

स्टाफरूममध्ये बाकी सगळ्यांचं ठरलेलं होतं. गणिताचे सर कट्टर डावे. वाणिज्याचे सर त्यांच्या बरोबर उलट. दोघांचे डबे एकाच टेबलावर उघडत आणि वादही तिथेच सुरू होई. उरलेली मंडळी आपापल्या बाजूला मान डोलवायला. भूगोलाच्या सरांची मात्र दोन्हीकडून ओढाओढ चाले.

‘तुम्ही सांगा ना सर, याचं खरं का माझं?’

‘पाहून राहिलो.’

एकदा गणिताचे सर वैतागले. ‘अहो, निदान डावे का उजवे, एवढं तरी सांगा!’

हे शांतपणे म्हणाले, ‘सभागृहात अध्यक्षाच्या डाव्या हाताले बसत, ते डावे. समोरून त्यांच्याकडं तोंड करून पाहिलं त तेच उजवे. मी कुठं उभा राहून सांगू?’

सगळे हसले. हे हसले नाहीत. त्यांना तो खरंच प्रश्न पडला होता.

मग मोबाइलवर तो खेळ आला. तुमच्यापैकी कुणी खेळलाही असेल. करांपासून लष्करापर्यंत भराभर प्रश्न विचारतात, आपण पटतं, पटत नाही असं दाबत जायचं, आणि शेवटी एका चौकटीत आपला ठिपका येतो. तुम्ही इथे. इंग्रजीच्या नव्या मॅडमनी तो सगळ्यांना खेळायला लावला. गणिताच्या सरांचा ठिपका डाव्या कोपऱ्यात गेला तेव्हा त्यांचा चेहरा पहिला नंबर आल्यासारखा झाला होता. भूगोलाच्या सरांना एकेका प्रश्नाला इतका वेळ लागला की मॅडम मोबाइल त्यांच्याकडे ठेवून तास घेऊन आल्या. ठिपका आला तो जवळजवळ मधोमध.

‘म्हणजे तुम्ही मध्यममार्गी, सर!’ मॅडम म्हणाल्या.

सरांचं समाधान झालं नाही. जेवण झाल्यावर त्यांनी मोबाइल पुन्हा मागितला. या वेळी ठिपका बराच डावीकडे सरकला. संध्याकाळी निघताना आणखी एकदा, तर उजवीकडे. मोबाइल परत देताना ते ओशाळून म्हणाले, ‘मॅडम, सकाळी मी उपाशी होतो. आता घरी जायची घाई आहे. याच्यातला मी कोणता, तुमचा मोबाइल सांगते का?’

खेळ तिथेच संपला, पण सरांच्या डोक्यातून तो गेला नाही. ते सभांना जाऊ लागले. एका पक्षाच्या नव्हे, सगळ्यांच्या. सत्तेतल्या, विरोधातल्या, ज्यांची अनामत रक्कम जप्त होणार हे त्यांना स्वतःलाही ठाऊक असतं अशांच्यासुद्धा. मी दोनचार वेळा सोबत गेलो होतो. सर मागे जमिनीवर मांडी घालून बसायचे, डोळे मिटून ऐकायचे. टाळ्या वाजल्या की डोळे उघडून टाळ्या वाजवणाऱ्यांकडे पाहायचे. सभा सुटली की शेजारच्याला विचारायचे, ‘तुम्हाले काय पटलं यातलं?’ पुष्कळदा तो माणूस गोंधळायचा. हे त्याला आजवर कुणी विचारलेलंच नसायचं.

अशातच एका सकाळी वर्तमानपत्रात फोटो आला. एका मोठ्या सभेचा, आणि पहिल्या रांगेत आमचे सर, हात जोडून, प्रसन्न. स्टाफरूममध्ये हलकल्लोळ. वाणिज्याच्या सरांनी पेढे आणले. गणिताचे सर दिवसभर त्यांच्याशी बोलले नाहीत. शेवटच्या तासाला न राहवून मी विचारलं.

‘भाऊ,’ ते म्हणाले, ‘एप्रिल महिना आहे. पुढच्या रांगेले मोठा कुलर होता.’

‘आणि हात कशाला जोडले?’

‘ज्यानं खुर्ची देल्ली त्याचे आभार मानले.’

पुढच्या आठवड्यात ते विरुद्ध बाजूच्या सभेला गेले आणि मागे बसले. तिथे कुलर नव्हता.

त्या फोटोवरूनच वाणिज्याचे सर एकदा बोलून गेले. वाईट हेतू नसावा. पेढे वाया गेल्याची चरफड असावी. ‘आम्हीच वेडे. तुमचं काय सर, तुमचं तर जन्मापासूनच ठरलेलं असतं.’

अर्थ सगळ्यांना कळला होता. सरांचे आजोबा छप्पन साली दीक्षा घेतलेल्यांपैकी. घर बौद्ध, आडनाव सांगितलं की माणसं पुढचं सगळं स्वतःच ठरवून टाकत. सरांनी डब्याचं झाकण लावलं, पाणी प्यायले आणि तासाला गेले. त्या दिवशी त्यांनी चष्मासुद्धा पुसला नाही.

संध्याकाळी आम्ही सीताबर्डीला गेलो होतो. मला पंख्याचं रेग्युलेटर घ्यायचं होतं, त्यांना काहीच घ्यायचं नव्हतं. परतताना मेट्रोत बसलो. मेट्रोत बसायला त्यांना फार आवडे. कधीकधी काम नसताना नुसते या टोकाहून त्या टोकाला जाऊन येत. खाली दिवे लागत होते, आकाशात अजून उजेड होता, आणि गाडी घरांच्या गच्च्यांवरून अगदी अलगद चालली होती. कुठे कुणी कुंड्यांना पाणी घालत होतं, कुठे एक म्हातारी खाटेवर बसून केस विंचरत होती. सर काचेला कपाळ टेकवून बोलू लागले. माझ्याशी का स्वतःशी, ते कळत नव्हतं.

‘माझा आजा गिरणीत होता, भाऊ. दीक्षा घेऊन घरी आला अन् त्यानं देव्हाऱ्यातले देव काढले. पोटलीत बांधले, नदीवर नेले. आजीनं अडवलं नाही. पण तिनं दीक्षा घेतली नव्हती. शेजारचे आज्याले म्हणत, बायकोले काहून समजावत नाही? आजा म्हणे, मी माझं पाहिलं, ती तिचं पाहील. घरात देव नव्हते, तरी आजी सकाळी त्या रिकाम्या कोनाड्यासमोर उभी राहे. बरेच दिवस. आज्यानं तिले एकदाही टोकलं नाही. मग एका पौर्णिमेले तिनं पांढरं लुगडं नेसलं, अन् त्याच्या पुढं होऊन विहारात गेली.’

गाडी एका वळणावर कलली. समोरच्या बाकावर झोपलेल्या मुलीचं डोकं तिच्या आईच्या खांद्यावर पडलं.

‘लोक म्हणतात तुले ठरलेलं मिळालं. मले ठरलेलं कुठं मिळालं? माझ्या घरच्यांनी जन्मानं मिळालेलं सोडून स्वतः ठरवलं. मले मिळालं ते ठरवणं.’ मग थोडं हसून म्हणाले, ‘बहुतेक मी आज्याच्याच जागी जाऊन पोचीन. जास्त करून तेच मले पटते. पण पोचीन त माझ्या पायानं.’

आमचं उतरायचं स्टेशन मागे गेलं होतं. दोघांच्याही लक्षात आलं नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी फाटकाचं प्रकरण झालं.

आमच्या कॉलेजच्या फाटकासमोर हातठेले उभे राहत. समोसेवाला, संत्र्याचा रसवाला, आणि सगळ्यांत जुनी म्हणजे तर्री-पोह्याचा ठेला लावणारी एक बाई. पोह्यांवर हरभऱ्याची झणझणीत तर्री, वरून कांदा. अर्धा स्टाफ सकाळी तिथेच नाश्ता करी. ठेल्यांमुळे रस्ता अरुंद व्हायचा. एके दिवशी अकरावीतली एक मुलगी गर्दीतून वाट काढताना रस्त्याच्या मध्ये गेली आणि ऑटोच्या धक्क्याने तिचा पाय मोडला.

संस्थेच्या सचिवांनी स्टाफची बैठक ठेवली. ठेले हटवावेत असा ठराव करून महापालिकेला द्यायचा होता. सचिव माणूस वाईट नव्हते. मुलीसाठी दवाखान्यात पहिल्या दिवशी तेच धावले होते. फक्त त्यांना पक्षात मान होता, आणि ‘नाही’ ऐकायची सवय नव्हती. त्यांनी बैठकीआधी सरांना बोलावून घेतलं आणि सहज सांगितलं, की प्राचार्य जूनमध्ये निवृत्त होतात, ज्येष्ठता तुमचीच आहे.

बैठकीपर्यंत स्टाफरूमला दुसरा विषय नव्हता. गणिताचे सर ‘गरिबाच्या पोटावर पाय’ म्हणत होते, वाणिज्याचे सर ‘शिस्त’ म्हणत होते. आमचे सर कुठे आहेत तेच कळेना. नंतर समजलं, ते आधी त्या मुलीच्या घरी गेले होते. तिच्या प्लॅस्टरवर मैत्रिणींनी नावं लिहिली होती, ती वाचत बसले. मग सकाळी लवकर येऊन फाटकाशी उभे राहिले, पोरं कुठून येतात, ऑटो कुठे वळतात ते बघत. पोहेवालीला विचारलं, इथून उठलात तर कुठं जाल? ती म्हणाली, ‘आता तुमीच सांगा सर, कुठी जाऊ.’

बैठकीत मी इतिवृत्त लिहायला बसलो होतो. ग्रंथपालाला तिथे मत नव्हतं. सचिवांनी ठराव वाचला आणि म्हणाले, ‘ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करावेत.’

सर उभे राहिले.

‘ठेले फाटकासमोरून हलले पाहिजेत,’ ते म्हणाले. वाणिज्याच्या सरांनी समाधानाने मान हलवली. ‘मी त्या पोरीकडं जाऊन आलो. हे असं चालणार नाही. पण आपल्या कुंपणाच्या आत जुन्या सायकल स्टँडची जागा पडून आहे. तिथं गवत वाढलं आहे. तिथं त्यांना उभं राहू द्या. ठरावात एवढं घाला, माझा हात वर.’

‘संस्थेच्या जागेत ठेले?’ सचिव म्हणाले. ‘सर, होय की नाही, एवढंच विचारलंय.’

सरांनी चष्मा काढला. रुमाल काढला. काच पुसत खिडकीबाहेर पाहू लागले. मला वाटलं, आता ते शब्द येतील. सगळ्यांनाच वाटलं असावं. इंग्रजीच्या मॅडम हसू दाबत होत्या. पंखा फिरत होता. बाहेर मैदानावर कुणीतरी शिट्टी वाजवली.

‘नाही,’ सर म्हणाले. चष्मा लावला आणि खाली बसले.

मग हात वर झाले. मी मोजायला मान वर केली. सगळे वर होते. गणिताच्या सरांचाही. फार उंच नव्हता, खांद्याइतका, पण होता. त्यांच्या मुलीचं त्याच संस्थेच्या शाळेत नोकरीचं चाललं होतं. मला त्यांचा राग आला नाही. भूगोलाचे सर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते, शांत, एखादं झाड असतं तसे.

बाहेर आल्यावर सचिव म्हणाले, ‘शेवटी तुम्ही त्यांच्याकडचे निघालात.’ आणि जिन्यात गणिताचे सर म्हणाले, ‘तुम्ही ठेले हलवा म्हणालातच कसे? तुम्ही अर्धे त्यांचेच.’ सरांनी दोघांनाही नमस्कार केला.

ठेले उठले. सायकल स्टँडच्या जागेत गवत वाढतच राहिलं. जूनमध्ये प्राचार्यपद वाणिज्याच्या सरांना मिळालं. या सगळ्याचं सरांना दुःख झालं नाही असं मी म्हणणार नाही. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या. त्या एकदा मला म्हणाल्या, ‘भाऊजी, हे रात्री झोपेत कूस बदलत राहतात आजकाल.’ पण ग्रंथालयात येऊन बसत तेव्हा ते पहिल्यासारखेच दिसत.

पोहेवालीने पुढच्या चौकात जागा धरली होती. सर रोज वाट वाकडी करून तिच्याकडे जाऊ लागले. एके दिवशी मीही होतो. बैठकीची गोष्ट तिला कुठूनतरी कळली होती. तिने सरांच्या प्लेटमध्ये जास्तीची तर्री घातली आणि म्हणाली, ‘सर, तुमी माह्यासाठी भांडले म्हनतात. पन एक सांगू? राग नोका मानू. मी त सचिवसाहेबाइच्याच पार्टीले मत देते.’

सरांचा चमचा हवेत थांबला. ‘काहून?’

‘माही पोरगी मरत होती तवा त्याइनंच बेड मिळवून देल्ला. मंग? विसरू का?’

‘नाही नाही. विसरू नका,’ सर म्हणाले, आणि हसू लागले. इतके हसले की तर्रीचा ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, तिने घाईने पाण्याचा पेला पुढे केला. ‘बरोबर आहे हो बाई तुमचं,’ ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. ‘एकदम बरोबर आहे.’

परतताना त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. मग म्हणाले, ‘भाऊ, मले वाटलं होतं त्या दिवशी मले माझी जागा सापडली. आता पाहा, पुन्हा पहिल्यापासून.’ पण आवाजात तक्रार नव्हती. सुट्टी लागल्यावर पोरांच्या आवाजात जे असतं ते होतं.

त्यानंतर मात्र एक फरक पडला, तो कदाचित माझ्याच लक्षात आला. कुणी विचारलं, सर तुम्ही कुणीकडचे, तर ते आता खिडकीबाहेर पाहत नसत. सरळ विचारणाऱ्याकडे पाहून म्हणत, ‘कोणत्या गोष्टीत?’ आणि समोरच्याने गोष्ट सांगितली की आपलं मत सांगत, स्पष्ट, कुणाला आवडो न आवडो. विचारणाऱ्यांची संख्या त्यामुळे झपाट्याने घटली.

रविवारी ते खाप्याला जात. खापा हे वहिनींचं माहेर, कन्हान नदीच्या काठी. तिथे त्यांचे सासरे असत. सर त्यांना विदर्भातल्या रिवाजाप्रमाणे मामाजी म्हणत. शेतकरी घर, देवधर्म पाळणारं. वहिनींनी सरांशी लग्न केलं तेव्हा मामाजींनी सांगून टाकलं होतं, माही पोरगी मले मेली. कित्येक वर्षं दोन्ही घरं एकमेकांना परकी होती. मग म्हाताऱ्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन करायची वेळ आली. नागपुरात राहायला दुसरं घर नव्हतं. डोळ्यांवर पट्टी बांधलेले मामाजी नंदनवनातल्या सरांच्या घरात आले आणि पहिल्या सकाळी भिंतीकडे तोंड करून म्हणाले, ‘पेपर वाचाले कोनी हाय का?’

सरांनी वाचला. म्हाताऱ्याने एका बातमीवर मत दिलं. सर म्हणाले, ‘मामाजी, मले नाही पटत.’ वहिनी सांगतात, स्वयंपाकघरात त्यांच्या हातातलं भांडं पडलं. वाद दुपारपर्यंत चालला. संध्याकाळी मामाजींनी विचारलं, ‘उद्याचा पेपर किती वाजता येते?’

मामाजींचं मत तरुणपणापासून एका पक्षाला, आणि त्यात बदल व्हायची शक्यता शून्य. मी एकदा हिवाळ्यात सर आणि वहिनींसोबत गेलो होतो. नदीवर धुकं होतं. पलीकडचा काठ दिसत नव्हता, फक्त कुठेतरी बैलाच्या गळ्यातली घंटा वाजत होती. अंगणात बाजेवर घोंगडी पांघरून मामाजी, खाली सतरंजीवर सर.

‘सगळ्याइले सगळं फुकट पाह्यजे आता,’ मामाजी म्हणाले. ‘देश बुडून राह्यला.’

‘शेतातल्या पंपाचं वीजबिल भरता का मामाजी तुम्ही?’

म्हाताऱ्याने घोंगडी झटकली. ‘ते येगळं हाय.’

‘कसं?’

‘येगळं हाय म्हनलं ना! अवं, चहा आन वं बाई! हा मानूस सकाळीच डोकं खाऊन राह्यला.’

चहा आला. मामाजींनी आधी सरांच्या हातात कप ठेवला, मग माझ्या, मग स्वतः घेतला. धुकं हळूहळू वर सरकत होतं. मध्येच सर म्हणाले, ‘एका गोष्टीत मात्र तुमचं बरोबर आहे. रेतीवाल्यांनी नदी खाल्ली, अन् त्यात सगळ्याच पक्षांचे आहेत.’ मामाजींनी पाय बाजेवरून खाली सोडले आणि सरांच्या अंगावर घोंगडीचं एक टोक टाकलं.

सर गेले ते मागच्या हिवाळ्यात. दुपारी जेवून पडले, उठले नाहीत. निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते.

कॉलेजमध्ये शोकसभा झाली. हॉल भरला होता. गणिताचे सर म्हणाले, ते मनाने आमचेच होते. प्राचार्य, म्हणजे आमचे जुने वाणिज्याचे सर, म्हणाले की विचारांनी ते आमच्या फार जवळ आले होते. सरांच्या आजोबांच्या वस्तीतले एक वयस्क गृहस्थ म्हणाले, आपला माणूस गेला. पोहेवाली आली होती, ती मागच्या दाराशी पदर तोंडाला लावून उभी राहिली. सचिव बोलले नाहीत. जाताना माझ्यापाशी थांबले आणि म्हणाले, ‘त्या माणसावर मला धड रागावताच आलं नाही कधी.’ मी ऐकत होतो. यातलं कुणीच खोटं बोलत नव्हतं.

मामाजी शोकसभेला आले नव्हते. त्यांना प्रवास झेपत नव्हता. पुढच्या एका रविवारी वहिनी खाप्याला निघाल्या, तेव्हा मी सोबत गेलो.

सकाळ होती. अंगणात ऊन आलं होतं, नदी या वेळी स्वच्छ दिसत होती, पाणी थोडं आणि रेतीचे खड्डे पुष्कळ. वहिनी आत गेल्या. मामाजींनी मला ओळखलं, बस म्हणाले, आणि उशाखालून घडी न मोडलेला पेपर काढून माझ्यापुढे धरला.

मी वाचू लागलो. पहिल्या बातमीवर त्यांनी मत दिलं. मी ‘हो’ म्हणालो. म्हाताऱ्या माणसाला, तेही अशा वेळी, दुसरं काय म्हणणार? दुसऱ्या बातमीवर मत दिलं. मी म्हणालो, ‘खरं आहे.’ तिसऱ्या बातमीनंतर ते काही बोललेच नाहीत. डोळे नदीकडे होते. हात घोंगडीच्या कडेवरून उगाच फिरत होता.

‘वाचू का पुढे?’

‘वाचा,’ ते म्हणाले, पण आवाज विझलेला होता.

पुढची बातमी नव्या मतदारांची होती. ती संपल्यावर कितीतरी वेळाने, कुणाला उद्देशून नाही असं ते पुटपुटले, ‘आजकालच्या पोट्ट्याइले काही समजते का? पंचविशी होईस्तोर त्याइले मत देऊच देऊ नाई.’

खरं सांगायचं तर मला ते अर्धंमुर्धं पटलं होतं. मी पेपर खाली ठेवला.

‘नाही मामाजी,’ मी म्हणालो. ‘मला नाही पटत.’

म्हाताऱ्याची मान हळूहळू माझ्याकडे वळली. त्यांनी मला नीट पाहिलं, वरपासून खालपर्यंत, बराच वेळ. मग एका हाताने बाजेचा काठ धरून ते उठून बसले, घोंगडी खांद्यावर सारखी केली, आणि पुढे वाकून कडक आवाजात विचारलं,

‘काहून?’